कुंडीला आपोआप पाणी देणारा आर्डुइनो: जोडणीपूर्वीची तयारी

कुंडीतील मातीचा ओलावा मोजायचा आणि माती कोरडी आढळली तर छोटा पंप क्षणभर चालवायचा, हा आर्डुइनो उनो (प्रोग्राम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) शिकण्यासाठी फार चांगला पहिला प्रकल्प आहे. मात्र सेन्सर, पंप आणि प्रोग्राम एकदम जोडले आणि काही चालले नाही, तर दोष नेमका कशात आहे हे नवशिक्याला उमगत नाही. म्हणून एकही भाग सुटा तपासल्याशिवाय दुसऱ्याला जोडायचा नाही, हे आधीच ठरवून तयारीला लागावे.

सामान पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. उनो बोर्ड, मातीतील ओलाव्याचा सेन्सर, पाच व्होल्टचे एक रिले मोड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), तीन ते सहा व्होल्टवर चालणारा पाण्यात बुडवायचा पंप, त्याची नळी, ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची छिद्रांची पाटी), जंपर वायरी, एक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि साधा मल्टिमीटर एवढे पुरेसे आहे. मल्टिमीटरवर खर्च करायला हात आखडू नये. तुटलेली वायर डोळ्यांना दिसत नाही, त्याला मात्र ताबडतोब कळते.

घरी आल्यावर बोर्ड एकटाच संगणकाला जोडावा आणि आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधील ‘ब्लिंक’ हा नमुना प्रोग्राम अपलोड करून १३ क्रमांकाच्या पिनवरील (बोर्डावरील जोडणीच्या जागेवरील) दिवा लुकलुकतो का ते पाहावे. संगणकाला बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, कारण काही केबली केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांत डेटाच्या तारा नसतात. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असते. काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर (तिला ओळखणारे सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. ० आणि १ या पिना संगणकाशी बोलण्यासाठी वापरल्या जातात, त्यामुळे त्या मोकळ्याच ठेवाव्यात.

सेन्सरसाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत सतत वीज वाहिल्याने गंजत जातो, म्हणून कपॅसिटिव्ह प्रकारचा (ज्याच्या मातीतील भागात धातू उघडा नसतो असा) घ्यावा आणि त्यावरील रेषेच्या वर माती किंवा पाणी जाऊ देऊ नये, कारण वरच्या भागातील सुटे घटक उघडे असतात. उनोची ॲनालॉग पिन शून्य ते पाच व्होल्टचे रूपांतर ० ते १०२३ या आकड्यात करते. कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा माती ओली होताच वाढत नाही, उलट उतरतो. ज्या कुंडीत तो लावायचा आहे त्याच कुंडीच्या कोरड्या आणि भिजलेल्या मातीत सिरियल मॉनिटरवर (बोर्डाकडून आलेले आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) दिसणारे आकडे वहीत लिहून ठेवावेत; दुसऱ्याच्या प्रोग्राममधले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. माती बदलली, सेन्सर कमी-अधिक खोल रोवला, तरी आकडे सरकतात.

पंप थेट पिनला कधीही जोडू नये. एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घेणे योग्य असते आणि छोट्या पंपालाही त्याच्या कितीतरी पट लागतो. पंपाला बॅटरीचा स्वतंत्र पुरवठा रिलेमार्फत द्यावा आणि पंपाच्या दोन टोकांवर डायोड आडवा, पट्टीची बाजू धन टोकाकडे ठेवून जोडावा, म्हणजे मोटर बंद होताना उसळणारा उलटा व्होल्टेज त्यातच जिरतो. पुष्कळशी रिले मोड्यूल पिन ‘लो’ (शून्य व्होल्ट) झाल्यावर चालू होतात. आपले मोड्यूल कसे वागते याची चाचणी पंपाविना, नुसत्या टकटक आवाजावरून करून घ्यावी. घरातील २३० व्होल्टची वीज या प्रकल्पात मुळीच आणू नये.

पंप कोरडा चालवू नये, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पाण्याच्या बादलीची उंची मात्र लक्षात येत नाही. बादलीतील पाण्याची पातळी नळीच्या कुंडीतील टोकापेक्षा वर असली, तर पंप थांबल्यावरही पाणी आपसूक वाहत राहते आणि प्रोग्राममध्ये कितीही शोधले तरी त्याचे कारण सापडत नाही. बादली खालीच ठेवावी.

प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचे नियम कागदावर उतरवावेत: पंप एका वेळी तीन सेकंदांहून अधिक चालणार नाही, त्यानंतर पाणी मुरेपर्यंत दहा मिनिटे नवा निर्णय घेतला जाणार नाही, आणि वहीतल्या दोन टोकांच्या फार बाहेरचा आकडा आला तर पंप बंदच राहील. शेवटचा नियम विशेष महत्त्वाचा आहे, कारण सेन्सरची वायर निसटली की मोकळी पिन वाटेल ते आकडे दाखवते. पहिली एकत्रित चाचणी नळीचे टोक रिकाम्या भांड्यात सोडून आणि बॅटरीची वायर चटकन काढता येईल अशी हाताशी ठेवून घ्यावी.