विश्वस्त बदलताना: युवा नाट्यसंस्थांसाठी

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच उभं केलं, त्यामुळे इथे नाटकाच्या हौसेला तोटा नाही. कागदांचा मात्र असतो.

विश्वस्तानं राजीनामा दिला, निधन झालं किंवा मुदत संपली, की बदलाच्या तारखेपासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करा. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडा, त्यात कारण तारखांसह लिहा. ‘स्पर्धेची गडबड होती’ एवढ्यावर भागेल असं धरू नका.

प्रकरण बहुधा अडतं ते सभेच्या नोटिशीवर. किती दिवस आधी काढायची, गणपूर्ती म्हणजे किमान हजेरी किती, हे संस्थेच्या घटनेत पाहा. नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं होऊ नका. नोटीस वहीत प्रत्येकाची तारखेसह सही घ्या, बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावत्या त्याच पानाला चिकटवा. इतिवृत्तात कोण गेलं, कोण आलं, सूचक, अनुमोदक हे स्पष्ट हवं. राजीनाम्याचं मूळ पत्र आणि नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र सोबत लागतं. बँकेतल्या सह्यांसाठी त्याच सभेत वेगळा ठराव करा, नाहीतर ऐन प्रयोगाच्या तोंडावर नेपथ्यवाल्याचा चेक अडकतो.

मुलांना सल्लागार समितीत जरूर घ्या, पण १८ पूर्ण नसेल तर विश्वस्त करू नका.

तालमीचा हॉल विकायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी. इसार नंतर.