जांभळ्या गारगोटीचा गुच्छ पारखताना

बुलढाणा-अकोल्याकडे विहीर खणताना किंवा खदानीत काळा दगड फुटला की पोकळीत कधी चमकदार खडे निघतात. पांढरी गारगोटी नेहमीचीच. जांभळी म्हणजे अ‍ॅमेथिस्ट मात्र क्वचित दिसते. बाजारात मिळणारे मोठे गुच्छ, म्हणजे एकत्र वाढलेले खडे, बहुतेक ब्राझील-उरुग्वेचे, तेव्हा ‘इथलाच माल’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर पुरावा मागा.

घेताना रंग आधी बघा. अस्सल गुच्छात तो सगळीकडे सारखा नसतो: टोकाशी गडद, बुडाशी फिका होत पांढरा. भिंगाखाली एकाच खड्यात गडद-फिके पट्टे दिसतात. रंग भेगांमध्येच साचलेला असेल, तर तो चढवलेला समजा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मागच्या बाजूला घासून बघा, स्वस्तातला रंग बऱ्याचदा तिथेच सुटतो. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. अस्सल खड्याचे टोक सहा बाजूंचे असते, पण सहाही बाजू क्वचितच सारख्या. सगळे खडे साच्यातून काढल्यासारखे असतील तर मी तरी घेणार नाही.

चाकूने गारगोटीवर ओरखडा उठत नाही (कठीणता 10 पैकी 7), तिच्यासारख्या दिसणाऱ्या पण मऊ कॅल्साइट खनिजावर लगेच उठतो. दुकानात मात्र विचारूनच करा. आणि टोकं तपासा, तुटक्या टोकाने किंमत निम्म्यावर येते असं धरूनच घासाघीस करावी.

हा रंग लोहाच्या अंशामुळे आणि नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे येतो, उन्हात हळूहळू उडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीत तर अजिबात ठेवू नका. धूळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा.