रविवारी पांडवलेणीला जाण्याआधी

रविवारी सकाळी साडेसहाला गेटपाशी जमायचं. तयारी मात्र आजपासून, आणि ती घरातल्या थोरल्यांपासून. मागच्या खेपेला एका काकूंना गुडघ्यांमुळे खाली बसवून आपण सगळे वर गेलो. उतरलो तेव्हा त्या शाल घट्ट ओढून बाकावर एकट्याच बसल्या होत्या. मला ते अजून टोचतं. म्हणून या वेळी दोन गट आधीच ठरवू: एक पायऱ्या चढणारा, दुसरा पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात रमतगमत फिरणारा. खालच्या गटात दोन धडधाकट माणसं हवीतच. त्यांची नावं शुक्रवारपर्यंत कळवा. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी ‘चढून तर बघते’ म्हणू नये, कारण खरा भार उतरताना येतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघायचं नाही. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि बरोबरच्या माणसाला ती दाखवून ठेवा. बीपीची गोळी ‘आज फिरायला जायचंय’ म्हणून चुकवू नका. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. वाटेत छातीत दडपलं, घेरी आली, की तिथेच थांबायचं आणि लगेच सांगायचं, भीड नको.

बूट रोजच्या वापरातले. नवे काढाल तर फोड येतील. नाशिकची थंडी सकाळी झोंबते आणि चढताना घाम फुटतो, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा काढता येतील असे दोन पातळ कपडे घाला. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी. अत्तर, सेंट नको, आणि कातळावर मोहोळ दिसलं तर मुलांना दगड मारू देऊ नका.

डब्याचं मुद्दाम सांगते. सगळ्यांच्या तब्येतीसाठी निघायचं आणि घरातल्या बाईने पहाटे चारला उठून पोळ्या लाटायच्या, हे मला मान्य नाही. एका घराने पेरू, एकाने गूळ-शेंगदाणे, एकाने आदल्या दिवशी वळलेले नागलीचे लाडू आणावेत. तेवढं पुरतं. परतताना मिसळीचा विषय निघणारच. खाऊ या की, पण एक पाव कमी आणि मटकी जास्त.

मुलांना ‘व्यायाम’ म्हणून नेऊ नका. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख आहे. आपल्या लेकाचा पराक्रम तिने दगडात कोरून ठेवलाय. ही गोष्ट शनिवारी रात्री सांगा, पोरं आपल्या आधी वर पोचतील.

आणि सोमवारचं काय? जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं दमदार चालायला सांगते, 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं खेळायला. एका रविवारात ते बसत नाही. मोठ्यांसाठी रात्रीच्या जेवणानंतर गल्लीत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मुलांना मात्र जागा हवी, म्हणून सहा ते सात पार्किंगचा मागचा भाग मोकळा ठेवायला गाडीवाल्यांना मी विचारतेय. चार जण ‘हो’ म्हणालेत, दोन घरं बाकी आहेत. उड्यांची दोरी माझ्याकडे आहे. लंगडीचं मैदान आखायला चुना कुणीतरी आणा.