जुन्या जीपला गिअरबॉक्स आणि डिफचा रेशो कसा निवडायचा

जुनी सीजे थ्रीबी घेतली, आत बोलेरोवालं २.५ लिटरचं डीआय डिझेल इंजिन बसवलं, टायर बदलले, पेंट झाला, सगळं झालं आणि आता हायवेला गाडी ७० च्या वर गेली की इंजिन बोंब मारतं. हे दुखणं बऱ्याच जणांचं आहे. मग गॅरेजवाला म्हणतो पाच स्पीडचा गिअरबॉक्स टाकू, मित्र म्हणतो डिफ (डिफरन्शियल, एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) बदल, तिसरा म्हणतो दोन्ही कर. थांबा. आधी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा, पाना नंतर.

मूळ गोष्ट अशी की थ्रीबीमध्ये कंपनीचं इंजिन होतं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल, त्याची पूर्ण ताकद ४००० आरपीएमला यायची, आणि त्या हिशोबाने मागे-पुढे डिफला ५.३८ चा रेशो दिलेला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा शाफ्ट ५.३८ फेरे घेतो. डीआय डिझेल ३२०० लाच संपतं. म्हणजे तुम्ही इंजिन बदललंत पण बाकी गाडी अजून पेट्रोलच्याच हिशोबात चालतेय. (इंजिन बदललंय तर आरटीओत त्याची नोंद आरसीवर करून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, नंतर गाडी विकताना फार मनस्ताप होतो.)

पहिलं काम टायर मोजायचं. साइडवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. सपाट जागेवर गाडी उभी करा, हवा बरोबर भरा, कोणालातरी आत बसवा, टायरला आणि जमिनीला खडूने खूण करा, एक पूर्ण फेरा गाडी ढकला आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने घ्या. २३५/७५ आर १५ ला साधारण २.२५ मीटर येईल, पुढचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर धरतो.

मग डिफ. जुन्या गाडीत काय घातलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, ५.३८ आहे म्हणतात आणि निघतं ४.८८. गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा (जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफला जाणाऱ्या लांब दांड्यावरच असतो, तो ओढलेला असेल तर काहीच फिरणार नाही), फोर बाय फोर असेल तर लिव्हर टू व्हीलवर ठेवा. उरलेल्या चाकांना नीट ओट (दगड किंवा ठोकळा) लावा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचला. ते चाक हाताने बरोबर १० फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्याला मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे शाफ्ट निम्मेच फेरे घेतो, म्हणून आलेल्या आकड्याला ५ ने भागायचं. शाफ्ट २७ ला थोडा कमी फिरला तर ५.३८. २४ ला नाममात्र जास्त आला तर ४.८८. २१ च्या वर थोडं म्हणजे ४.२७, आणि १८ च्या वर गेला तर ३.७३. डिफच्या हौसिंगचं कव्हर उघडणारच असाल तर सरळ दात मोजा, क्राऊनचे (मोठ्या चक्राचे) ४३ आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३.

आता हिशोब. ताशी किमीला १००० ने गुणा, ६० ने भागा, मग टायरच्या मीटरने भागा, चाकाचे मिनिटाचे फेरे मिळाले. ८० ला ते येतात ५९३. त्याला डिफच्या आकड्याने आणि गिअरच्या आकड्याने गुणलं की इंजिनचा आरपीएम. टॉप गिअर सरळ १ चा असेल तर ५.३८ वर ८० ला इंजिन ३१९० वर असतं, म्हणजे डीआय आपल्या टोकाला जाऊन बसलं, म्हणून ती बोंब. ४.८८ वर २८९०, ४.२७ वर २५३०, ३.७३ वर २२१०.

हे बघून सगळे ३.७३ कडे धावतात, आणि इथेच गंमत होते. जुना टी-९० गिअरबॉक्स तीन स्पीडचा, पहिला २.८, दुसरा १.५५, तिसरा १. पहिल्या आणि शेवटच्या गिअरमध्ये फरक जेमतेम २.८ पट. एवढ्या तुटपुंज्या पसाऱ्यात घाट आणि हायवे दोन्ही बसत नाहीत, कुठेतरी चादर तोकडी पडणारच. त्या गिअरबॉक्सला ३.७३ लावला की दुसऱ्या गिअरमध्ये ३० च्या स्पीडला इंजिन १३०० च्या खाली येतं, वरंध घाटातल्या एखाद्या वळणावर पुढे एसटी आली की पहिला टाकावा लागतो, आणि तिथे क्लच जळाल्याचा वास येतो. हाच गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर माझ्या मते ४.८८ च्या खाली जाऊ नका आणि ६५-७० ने चालवायची तयारी ठेवा, गाडीचे ब्रेक पण तेवढ्याचेच आहेत.

म्हणून निवड करताना आधी गिअरबॉक्स ठरवा, डिफ नंतर. पाच स्पीडवाला मिळाला तर पहिला ४ च्या आसपास आणि पाचवा ०.८ च्या आसपास धरून हिशोब करा (तुमच्या हातातल्या बॉक्सचे खरे आकडे इनपुट शाफ्टचे फेरे मोजून काढा, जुन्या बाजारात एकाच केसिंगमध्ये काय काय भरलेलं असतं). पसारा ५ पट झाला. आता लोमधला, म्हणजे ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हळू गिअरमधला, पहिला बघा. टी-९० ला २.८ × २.४६ × ५.३८ म्हणजे ३७. हा २.४६ म्हणजे ट्रान्सफर केसचा लो. पाच स्पीडला ३.७३ लावला तरी ४ × २.४६ × ३.७३ म्हणजे जवळपास ३७च! म्हणजे चिखलात, दगडात जुनी जीप जेवढी हळू सरकायची तेवढीच ही पण सरकेल. ४.२७ लावला तर ४२, आणि पाचव्यात ८० ला इंजिन फक्त २०२५ वर. मला विचाराल तर पाच स्पीडला ४.२७, भार घेऊन घाट चढणाऱ्याला आणि सरळ रस्त्यावर जाणाऱ्याला दोघांना पुरतो. ३.७३ फक्त टू व्हील ड्राइव्हवाल्याने, ज्याचा बहुतेक वेळ हायवेवर जातो त्याने. आणि ५.३८ वर पाच स्पीड टाकून बघा असंही सांगणारे आहेत, ते वाईट नाही, पाचव्यात ८० ला २५५० येतो आणि हौसिंग उघडावं लागत नाही, खिसा हलका असेल तर हेच करा. फक्त पहिला गिअर मग एवढा छोटा होतो की रोजच्या रस्त्यावर दुसऱ्यानेच उठवाल.

घाटाची खात्री करायची असेल तर असं करा. माणसं धरून १५०० किलो गाडी, चढ १२ ला १, म्हणजे मागे ओढणारं वजन १२५ किलो, त्यात टायरचं वगैरे २५ धरा, झाले १५०. त्याला टायरच्या त्रिज्येने, ०.३६ मीटरने गुणलं की चाकावर ५४ केजीएम (किलो गुणिले मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर हवा. इंजिन १२ देत असेल आणि गिअरमध्ये १५ टक्के खाल्ले जात असतील तर हाती १०. म्हणजे गिअर × डिफ मिळून साधारण ५.४ पाहिजे. ५.३८ वाली टॉपमध्येच कशीबशी चढते. ४.२७ वालीला १.३ चा गिअर लागतो, तो बॉक्समध्ये आहे का ते बघा. तिसरा १.५ आणि चौथा १ असेल तर तिसऱ्यात चढेल, बिनधास्त.

फोर बाय फोरवाल्यांनो, पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचा किंवा शाफ्टच्या जोडातल्या एखाद्या क्रॉसचा बळी जातो. म्हणजे खर्च दुप्पट. शिवाय मागे डेना ४४ जातीचा एक्सल असेल तर त्यात ३.७३ पर्यंतचा कॅरिअर (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) वेगळा आणि ३.९२ पासून पुढचा वेगळा, ५.३८ वरून ३.७३ वर जाताना नुसता क्राऊन-पिनियन आणून भागत नाही, ४.२७ ला मात्र जुनाच कॅरिअर चालतो. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या मार्केटमधून आणाल तर क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर एकच आहे ना बघा, वेगळा असेल तर कितीही स्वस्त दिला तरी सोडून द्या. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून, दातांना रंग लावून दात कुठे टेकतात ते बघणारा मिस्त्री शोधा. पार्ट मिळतो, माणूस मिळत नाही. फिटिंगनंतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर वेगवेगळा कानोसा घ्या, एकातच कोकलत असेल तर सेटिंग चुकलंय, परत उघडायला लावा.

शेवटचं, स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते, त्याला डिफ बदलल्याचं कळत नाही. ५.३८ चा ३.७३ केला तर काटा ५० दाखवेल तेव्हा गाडी ७२ ने चाललेली असते. केबल फिरवणारा छोटा गिअर मिळाला तर बदला, नाहीतर मोबाईलच्या जीपीएसवर बघून काचेवर टेपने खुणा करा.