हलक्या किट स्पोर्ट्स कारला सपाट तळ आणि डिफ्यूझर बसवताना

लोटस कंपनीने १९५७ साली आणलेली सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकत घेऊन घरी जोडता येत असे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि ब्रिटनमध्ये आजही ती आणि तिच्या धर्तीवरच्या अनेक गाड्या हौशी लोक आपल्या गॅरेजमध्ये जोडतात. पाचशे-सहाशे किलो वजनाची ही गाडी वळणावर अत्यंत चपळ असते, पण हवेच्या दृष्टीने तिची घडण अतिशय प्रतिकूल आहे. उघडी चाके, जवळजवळ उभी पुढची काच आणि चेसिसच्या नळ्या, गिअरबॉक्स, डिफरन्शियल असे सगळे उघडे असलेला तळ यांमुळे वेग वाढला की गाडी जमिनीवर दाबली जाण्याऐवजी हलकी होऊ लागते. म्हणून अनेक मालक गाडीच्या मागच्या बाजूस तयार डिफ्यूझर आणून बसवतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचा उपयोग दिसण्यापुरताच होतो. डिफ्यूझर हा तळाचा शेवटचा, मागे वर चढत जाणारा भाग आहे, आणि त्याच्या पुढे सपाट तळच नसेल तर त्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

यामागचे कारण नीट समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यामधून हवा वेगाने मागे जाते. डिफ्यूझरमध्ये ही वाट हळूहळू उंच होत जाते, त्यामुळे हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढत वाढत बाहेर पडताना आसपासच्या हवेइतका होतो. मागच्या टोकाला दाब असा ठरून गेलेला असल्यामुळे डिफ्यूझर जिथे सुरू होतो त्या वळणापाशी तो आसपासच्या हवेपेक्षा बराच कमी असावा लागतो, आणि हा कमी दाब पुढे सपाट तळाखालीही पसरतो. म्हणजेच गाडीला खाली ओढणारे बल मुख्यतः त्या वळणापाशी आणि त्याच्या पुढच्या पत्र्यावर निर्माण होते. तो पत्राच नसेल तर कमी दाबाला धरायला पृष्ठभाग मिळत नाही, आणि चेसिसच्या नळ्यांमधून वरची हवा खाली येऊन तो दाब भरून काढते. १९७७-७८ च्या लोटस ७८ आणि ७९ या फॉर्म्युला वन गाड्यांनी तळाखालच्या हवेचे सामर्थ्य दाखवले. १९८३ पासून चाकांच्या मधला तळ सपाट ठेवण्याची सक्ती झाल्यावरही संघांनी मागच्या डिफ्यूझरमधून ते बल मिळवणे सोडले नाही.

आता अपेक्षा किती ठेवावी, हे आकड्यांत पाहू. ताशी १६० किलोमीटर वेगाला हवेचा गतिज दाब, म्हणजे वेगामुळे निर्माण होणारा दाब, सुमारे १,२१० पास्कल असतो. सेव्हनसारख्या अरुंद गाडीचा तळ दीड चौरस मीटर धरला आणि त्यावरचा सरासरी दाब गुणांक (आसपासच्या हवेशी असलेला दाबाचा फरक भागिले गतिज दाब) केवळ ०.१ ने खाली आणता आला, तरी सुमारे १८ किलोचे बल मिळते. ताशी ८० किलोमीटरला मात्र ते चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे साडेचार किलोवर येते. त्यामुळे ज्याची गाडी केवळ रस्त्यावर धावते त्याने हा खर्च दिसण्यासाठीच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॅकवर, जिथे वेगवान वळणे असतात आणि गाडी हलकी असल्यामुळे प्रत्येक किलोचा प्रभाव जाणवतो, तिथे हेच काम मनापासून करण्याजोगे ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी चालकाच्या वजनाइतकी पोती आसनावर ठेवून, टाकीत इंधन आणि टायरमध्ये नेहमीची हवा भरून गाडी सपाट फरशीवर उभी करावी आणि जमिनीपासूनच्या उंचीची मापे घ्यावीत. घोड्यांवर (चेसिसखाली लावायच्या स्टँडवर) चढवलेल्या गाडीची मापे इथे चालत नाहीत, कारण सस्पेन्शन लोंबकळलेले असते. सर्वांत खालचा भाग बहुधा इंजिनचे ऑइल चेंबर किंवा बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे कवच) असतो आणि तळाची पातळी त्यावरूनच ठरते. यानंतर मागचा अ‍ॅक्सल पाहावा. डिफरन्शियल चेसिसला पक्के बसवलेले असेल तर पत्रा त्याच्या खालून सरळ मागे नेता येतो, पण अखंड अ‍ॅक्सल चाकांबरोबर वरखाली होत असेल तर त्याचा पूर्ण प्रवास मोकळा सोडावा लागतो. अशा गाडीत सपाट तळ अ‍ॅक्सलच्या पुढेच संपवून डिफ्यूझर लहान ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सर्वांत जास्त विचार इंजिनखालच्या भागाचा करावा लागतो. सेव्हनचा रेडिएटर नाकात असतो, आणि त्यातून आलेली गरम हवा मुख्यतः इंजिनच्या बाजूंनी खाली निघून जाते. ती वाट पत्र्याने बंद केली तर हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पाण्याचे तापमान चढते. म्हणून इंजिनखालचा भाग झाकण्यापूर्वी बॉनेटच्या बाजूंना पुरेशा झडपा कापून गरम हवेची वाट आधी तयार करावी. ते करायचे नसेल तर इंजिनखालचा भाग उघडा सोडून तळ चालकाच्या पायांच्या पातळीपासून सुरू करावा. थोडे बल कमी मिळेल, पण इंजिन सुरक्षित राहील. ऑइल बदलण्याच्या बोल्टखाली स्वतंत्र झाकण ठेवावे, आणि प्रत्येक खोलगट जागी निचऱ्याची भोके पाडावीत, कारण गळालेले ऑइल किंवा पेट्रोल पत्र्यावर साठून राहणे हा आगीचा थेट धोका आहे.

पत्र्यासाठी दीड मिलिमीटर जाडीचे अ‍ॅल्युमिनियम चांगले असते आणि त्याचे वजन चौरस मीटरला चार किलोच्या आसपास भरते. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरली जाणारी तीन मिलिमीटरची एसीपी शीट (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेली) साधारण तेवढ्याच वजनात बरीच अधिक ताठ असते, त्यामुळे मधल्या भागासाठी मी तिलाच पसंती देईन. मात्र तिचा पॉलिथिलीनचा गाभा उष्णतेने मऊ पडतो आणि पेटूही शकतो, म्हणून सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या नळीजवळ ती अजिबात वापरू नये. ताठपणाचा मुद्दा दुय्यम समजू नये. डिफ्यूझरच्या वळणापाशी दाब गुणांक उणे १ पर्यंत गेला तर १६० च्या वेगाला ३० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या तुकड्यावरही सुमारे ११ किलोची ओढ पडते. आधार दूर दूर असतील तर पत्रा मधोमध खाली फुगतो, थरथरतो आणि अखेरीस भोकांपाशी चिरतो. म्हणून आडव्या पट्ट्या २५ ते ३० सेंटिमीटरवर द्याव्यात, प्रत्येक बोल्टखाली रुंद वायसर घालावा आणि चेसिसच्या मुख्य नळ्यांना छिद्रे पाडण्याऐवजी क्लॅम्प किंवा जोडलेल्या पट्ट्यांचा आधार घ्यावा. पोलादी नळी आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकू देऊ नयेत, मध्ये रबराची किंवा सीलंटची पट्टी असावी, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. पुढचा पत्रा नेहमी मागच्या पत्र्याच्या खाली चढवावा, म्हणजे सांध्याची उघडी कड मागे राहते आणि समोरून येणारी हवा फटीत शिरून पत्रा उचकटत नाही.

डिफ्यूझरचा कोन हा हौशी कामात सर्वाधिक चुकणारा भाग आहे. मोठा कोन देखणा दिसतो, पण हवा त्या चढाला चिकटून राहू शकली नाही तर ती सुटते आणि बल जवळजवळ नाहीसे होते. साध्या गाडीसाठी सात-आठ अंशांपासून सुरुवात करावी. ६०० मिलिमीटर लांबीला आठ अंशांत ८४ मिलिमीटर चढ मिळतो, म्हणजे वळणापाशी जमिनीपासून १०० मिलिमीटर उंची असेल तर बाहेर पडताना ती १८४ होते. पुढच्या कडेला बिजागरी आणि मागे लांबट खाचांचे आधार दिले तर कोन बदलून पाहता येतो. दोन्ही कडांना आणि मध्ये उभ्या पट्ट्या लावाव्यात. चाकांच्या बाजूने उसळणारी गढूळ हवा आत येऊ नये हे कडेच्या पट्ट्यांचे मुख्य काम आहे. त्यांची खालची कड रबराची ठेवावी.

केवळ मागे बल वाढवले तर वेगात नाक हलके पडते आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. त्यात या गाड्यांचे पुढचे मडगार्ड आधीच हवेत उचलले जातात, विशेषतः लांब, वाहत्या आकाराचे. म्हणून नाकाखाली छोटा पुढचा ओठ आणि किंचित नाक खाली अशी ठेवण ही डिफ्यूझरबरोबरच करायची कामे आहेत.

ब्रिटनमध्ये नव्याने जोडलेल्या गाडीला आयव्हीए (एकेका वाहनाला मंजुरी देणाऱ्या सरकारी) तपासणीतून जावे लागते आणि तिथे धारदार कडा चालत नाहीत, तेव्हा पत्र्याच्या सर्व कडा गोलावून घ्याव्यात. आधीच नोंदणी झालेल्या गाडीत हा बदल केल्यास विमा कंपनीला कळवावे. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ रस्त्यावरच्या गाडीतील बदलांना फारशी मुभा देत नाही. मात्र फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांना वरच्या बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

शेवटचे काम मोजमापाचे, आणि त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. गवंडी पातळी घेण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात पट्टीवर बांधावी आणि तिच्यात रंगीत पाणी भरावे. डिफ्यूझरच्या वळणापाशी पत्र्याला दोन मिलिमीटरचे भोक पाडून खालची कड गुळगुळीत करावी आणि वरून नळीचे एक टोक चिकटवावे. दुसरे टोक डॅशबोर्डमागे, वारा न लागणाऱ्या जागी स्पंजात गुंडाळून ठेवावे. ते बंद बाटलीत घालू नये, कारण कोंडलेली हवा एका अंशाने तापली तरी दाब सुमारे ३४५ पास्कलने बदलतो आणि सगळे वाचन खोटे ठरते. नळीच्या दोन्ही भुजा गाडीच्या रुंदीच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे वेग वाढवताना पाणी पुढेमागे हेलकावत नाही. ताशी १०० किलोमीटरला पूर्ण गतिज दाब ४८ मिलिमीटर पाण्याइतका असतो, त्यामुळे २४ मिलिमीटर फरक दिसला तर वळणापाशी दाब गुणांक उणे ०.५ च्या आसपास आहे असे समजावे. ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर दोन्ही दिशांनी, सहकाऱ्याला वाचन करायला लावून, प्रत्येक कोनाला मोजावे आणि सरासरी काढावी. कोन एकेक अंशाने वाढवत गेल्यास फरकही वाढत जातो, आणि एका टप्प्यावर तो अचानक घसरतो. तिथे हवा सुटलेली असते. डिफ्यूझरला चिकटवलेले लोकरीचे धागे छोट्या कॅमेऱ्यात उलटे फिरताना दिसले की त्याची खात्री पटते. त्या टप्प्यापासून दोन अंश मागे येऊन आधार पक्के करावेत.