जुनी पिकअप बघायला जाताना
जुनी बोलेरो पिकअप बघायला सकाळी लवकर जा आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिन कसं उठतं ते तुम्हाला कळणार नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्या आणि इंजिनकामाचा खर्च किमतीतून कापा. नव्या रंगाला भुलू नका. हौद्याखाली वाकून चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला), विशेषतः पाटे म्हणजे लीफ स्प्रिंगा जिथे अडकवतात त्या हँगरजवळ, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मासळी वाहिलेली गाडी मिठाच्या पाण्याने तिथेच सडते. पापुद्रे निघाले तर चहा घ्या आणि परत या. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) कर्जाचा बोजा आहे का तेही तपासा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं.