वजन उचलायला कसं शिकावं: पहिले तीन महिने

लग्नाच्या पंगतीतून माणसं उठतात कशी, ते एकदा लक्ष देऊन बघा. कुणी जमिनीला हात टेकतं, कुणी शेजारच्याचा खांदा धरतं, कुणी आधी गुडघ्यावर येतं आणि मग उठतं. यातले बरेच जण रोज पहाटे आपल्या जळगावच्या मेहरुण तलावावर चालायला येणारे असतात. चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण चालून दमसास वाढतो, मांडी आणि कंबर बळकट होईलच असं नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात, आणि त्यांच्यावर थोडा थोडा वाढता भार टाकणं हाच ती झीज रोखण्याचा खात्रीचा उपाय आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनासुद्धा चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते.

मला हे उशिरा कळलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी नळाला पाणी आलं म्हणून घाईघाईत भरलेली बादली उचलली आणि कमरेत उसण भरली. वीस दिवस कूस बदलायची तरी नवऱ्याला हाक मारावी लागायची. बरं वाटल्यावर जोशात एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या मुलाने पहिल्याच दिवशी सगळ्या मशिनींवर बसवलं. चार दिवस जिना उतरता येईना, आणि मी पुढचे दोन महिने तिकडे फिरकले नाही. नंतर जे शिकले ते गच्चीवर, पाण्याचे कॅन आणि दोनशे पानी वही घेऊन. आता आमच्या कॉलनीतल्या सात-आठ जणी आणि माझे वडील, आम्ही सगळे असाच व्यायाम करतो.

शेतातली माणसं हमखास म्हणतात, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" कापूस वेचणारी बाई आठ तास वाकून असते, केळीचे घड वाहणारा माणूस एकाच खांद्यावर ओझं घेतो. त्या कामाने शरीर थकतं. एकच बाजू, एकच वाक, त्याला विश्रांती नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, दोन्ही बाजूंना सारखा देतो आणि दुसऱ्या दिवशी थांबतो. राबणाऱ्या माणसाला याची गरज जास्त आहे, फक्त हंगामात त्याने निम्माच करावा.

सुरुवात करण्याआधी

बीपी, हृदयाचा त्रास, साखरेची औषधं, हर्निया, मणक्याचं दुखणं, नुकतंच झालेलं बाळंतपण किंवा ऑपरेशन यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. "मला हळूहळू वजन उचलायचा व्यायाम करायचा आहे, काय टाळू?" असं नेमकं विचारा. नुसतं "व्यायाम करू का?" विचारलं की "चाला" एवढंच उत्तर मिळतं.

मग एक छोटी परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीशी बांधा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. आकडा तारखेसकट वहीत लिहा. तो कुणाला दाखवायचा नाही, तीन महिन्यांनी स्वतःलाच लागणार आहे.

दिवस आणि वेळ ठरवा

आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. तुमचा बाजाराचा दिवस त्यात येत असेल तर बदला. अर्धा-पाऊण तास पुरतो. रोज करायचा मोह आवरा. स्नायू भरून येतात ते विश्रांतीच्या दिवशी.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पहाटे साडेपाच-सहालाच आटोपून घ्या. संध्याकाळी गच्चीची फरशी दिवसभराची धग सोडत असते, तिथे अजिबात नको. आधी ग्लासभर पाणी, नंतर मीठ घातलेलं ताक. बीपीमुळे मीठ बंद असेल तर ताक अळणी प्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळलं किंवा डोकं ठणकायला लागलं की लगेच थांबा, सावलीत बसा, अंग ओल्या फडक्याने पुसा. त्या दिवशी परत सुरू करू नका. थोड्या वेळात बरं वाटलं नाही, किंवा माणूस असंबद्ध बडबडायला लागला, तर सरळ दवाखाना गाठा.

सामान

पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन घासून घ्या. पाण्याने भरले की एकेक पाच किलोचा, कोरडी वाळू भरली की साधारण आठ किलोचा. मुलांची जुनी शाळेची बॅग, एक खुर्ची, झाडूचा दांडा. बूट नसले तरी चालेल, सपाट फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर पाय उलट नीट रोवले जातात. पंजाबी ड्रेस घाला, साडी असेल तर वर खोचून घ्या.

पाच हालचाली

सगळा व्यायाम पाच कामांत बसतो: बसणं-उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वाहून नेणं. आधी पाच मिनिटं जागेवर चाला, खांदे आणि कंबर फिरवा, आणि सुरू करा.

बसणं-उठणं खुर्चीवरून. टाचा जमिनीला घट्ट, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, खाली जाताना तीन अंक मोजत सावकाश. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, सत्तरीचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "मना गुडघा दुखस, माले हाई जमाव नही." मी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे बैठक उंच झाली आणि गुडघा कमी वाकला. तेवढं त्यांना दुखल्याशिवाय जमलं. तीन आठवड्यांनी एक उशी काढली, दीड महिन्याने दुसरी. गुडघेदुखीवाल्यांनी बैठक सोडायची नसते, दुखत नाही त्या उंचीवर करायची असते.

वाकून उचलणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. आपल्याला वाकायचं म्हटलं की पाठ वाकते. ती सवय मोडायला दोन आठवडे नुसता दांडा वापरा. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा: एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला. भिंतीकडे पाठ करून साधारण एक वीत पुढे उभ्या राहा. गुडघे जरासे सैल ठेवा आणि हात भरलेले असताना दार ढुंगणाने लोटतो तसं ढुंगण मागे न्या, भिंतीला टेकेपर्यंत. दांडा तिन्हीपैकी एका जागेवरून सुटला की समजा पाठ वाकली. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला म्हणजे बरोबर जमलं. कमरेत ताण आला तर थांबा आणि कमी वाका. हे पक्कं झालं की अर्धा पाऊल पुढे सरका, आणि त्यानंतरच हातात कॅन घ्या. कॅन मांडीला घासत खाली गेला पाहिजे. अंगापासून लांब गेला की त्याचं ओझं कमरेवर येतं. माझी बादली त्या दिवशी नेमकी अंगापासून लांब होती.

ढकलणं म्हणजे जोर. तालमीतले जोर चाळिशीच्या माणसाला पहिल्या दिवशी जमत नाहीत, आणि न जमल्यामुळेच तो पुढे करत नाही. म्हणून आधी भिंतीवर हात टेकून करा. बारा सहज झाले की स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पक्क्या बाकावर, शेवटी जमिनीवर. अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ फळीसारखं.

ओढण्यासाठी बॅगेत वह्या-पुस्तकं भरा, एक हात खुर्चीवर टेका, पुढे झुका आणि दुसऱ्या हाताने बॅग कमरेकडे ओढा. कोपर मागे जाऊ द्या, खांदा कानाकडे चढू देऊ नका.

वाहून नेणं सोपं. दोन्ही हातांत सारखे कॅन घेऊन ताठ चाला, तीस-चाळीस पावलं. सगळं झाल्यावर शेवटी करा.

किती करायचं

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, हा एक सेट. पहिले दोन आठवडे एकच सेट, नंतर दोन. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं थांबा. भार असा घ्या की थांबताना वाटलं पाहिजे, अजून दोन-तीन नक्की झाले असते. उचलताना श्वास सोडा, खाली नेताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की बीपी झटकन वर जातं.

पहिल्या आठवड्यात "एवढंसंच?" असं वाटेल. वाटू द्या. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणारे स्नायुबंध सावकाश तयार होतात, आणि घाई केली की त्यांना दुखापत होऊ शकते.

वही

माझा सगळ्यात जास्त आग्रह वहीचा आहे. दर वेळी चार-पाच ओळी पुरतात. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "बुधवार. खुर्ची १२, १२. वाकून उचलणं दोन कॅन पाणी १०, ९. ओट्यावर जोर ८, ७. बॅग ६ किलो १०, १०. चालणं ४० पावलं. झोप कमी." एवढंच. पुढच्या वेळी नऊच्या जागी दहा करायचे, म्हणजे काय करायचं याचा विचार उरत नाही.

वाढवायचा नियम साधा ठेवा. लागोपाठ दोन वेळा दोन्ही सेट बारा-बारा झाले की एक-दोन किलो वाढवा आणि परत आठवर या. कॅनमधलं थोडं पाणी काढून तेवढी वाळू घातली तरी तेवढं होतं. शेजारीण किती उचलते हे तुमच्या वहीत लिहायचं नसतं.

अंग दुखलं तर

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, छाती जड होतात, जिना उतरताना जाणवतं. हे स्वाभाविक आहे, दोन-चार दिवसांत जातं आणि दोन-तीन आठवड्यांनी फारसं येत नाही. पण सांध्यात टोचलं, कळ कमरेतून पायात उतरली, मुंग्या आल्या तर ती हालचाल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ आली तर एक मिनिट वाट बघू नका.

खाणं

खान्देशच्या ताटात ताकद पुष्कळ आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या कळण्याची भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा जास्त प्रथिनं देते. वजन उचलणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला सत्तर ग्रॅमच्या आसपास. कळण्याच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, ग्लासभर दूध आणि दोन अंडी धरली तर हिशोब साठपर्यंत जातो. त्यात एक वाटी दही आणि वाटीभर जास्त वरण घातलं की झालं. अंडी खात नसाल तर पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं मनाने वाढवू नका.

केळीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण आपल्या जिल्ह्यात केळी खाल्ली की अंगात ताकद येते असं सगळे मानतात. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. पण व्यायामाच्या अर्धा तास आधी खायला ते उत्तमच, पोटाला हलकं आणि उठायला बळ देणारं.

बायकांसाठी

"वजन उचलून पुरुषासारखी दिसशील" हे मी पन्नासदा ऐकलंय. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की वर्षानुवर्षं कसून मेहनत केल्याशिवाय तसं होत नाही. उलट पाळी जाण्याच्या वयात हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, आणि भार पेलल्याने ती टिकायला मदत होते. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर करा, नसेल तर राहू द्या. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, खोकताना लघवी होत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्यालाही वेगळे व्यायाम आहेत, लाजून गप्प बसू नका.

जिमला जायचं असेल तर

दोन-तीन महिने घरी झाले की जरूर जा. वजनाच्या चकत्या लावायचा लांब दांडा नेहमी रिकामाच घेऊन सुरू करा. मोठा दांडा वीस किलोचा असतो, पण प्रत्येक जिममधला तसाच असेल असं नाही, म्हणून विचारून वहीत लिहा. सव्वा किलोच्या छोट्या चकत्या आहेत का बघा. दोन्हीकडे एकेक लावली की अडीच किलो वाढतात, नवख्याला तेवढी वाढ पुरे. पहिल्याच दिवशी पावडरचा डबा विकणाऱ्यापासून लांब राहा. आणि कुणी महिन्यात शरीर बनवून देतो म्हणून गोळी किंवा इंजेक्शन पुढे केलं तर तिथून निघून या. घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांनाही हे बसवून सांगा. त्या औषधांनी हृदय, लिव्हर आणि पुढे मूल होण्याची शक्ती बिघडते.

खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, कापसाची वेचणी, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण. आठवडाभर सुटलं तर आहे त्याच भारापासून परत सुरू करा. तीन-चार आठवडे सुटलं तर भार निम्मा करा, दोन आठवड्यांत जुन्या आकड्यावर याल. आप्पा मागच्या उन्हाळ्यात महिनाभर गावी होते. परत आले त्या दिवशी स्वतःच कॅनमधलं अर्धं पाणी कुंडीत ओतलं, खुर्चीवर एक उशी ठेवली आणि वहीत तारीख टाकली.